सायकलच्या मागच्या शॉकअपचं काम द्यायचं कुणाला? कोल्हापुरात बसून ठरवायची रीत

मसाई पठारावरनं खाली उतरताना मागून टक... टक... आवाज येतोय, बसलं की सीट नेहमीपेक्षा जास्त खाली जातंय, आणि घरी येऊन बघावं तर शॉकच्या चकचकीत दांड्यावर काळा चिकट पट्टा. इथपर्यंत सगळ्यांची स्टोरी सेम असतीय. गाडी अडते ती पुढं. आता हे द्यायचं कुणाकडं? सायकलच्या दुकानात, बुलेटच्या गॅरेजात, उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांकडं, पुण्या-बेंगलोरला कुरिअरनं, का आपणच रविवारी सोप्यात पोतं अंथरून बसायचं?

मी हे सगळे प्रकार करून बसलोय आणि त्यातल्या एकाची किंमत पूर्ण शॉक नवा घेऊन मोजलीय. झालं काय, पहिली फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढं-मागं दोन्हीकडं शॉकवाली, सायकल सेकंडहँड घेतलेली, शॉकमधनं हवा जायची, आणि एक मिस्त्री दुचाकीचे शॉकअप झकास करतो म्हणून सगळ्यांनी सांगितलं. तो करतोच झकास, त्यात खोट नाही. पण त्यानं माझ्यासमोर दांड्याला फडकं गुंडाळलं, वरनं पक्कड लावली आणि जोर दिला. पक्कड सरकली. दांड्यावर नखाएवढा ओरखडा, बोट फिरवलं की लागायचा. मोटारसायकलचा दांडा कदाचित तेवढं खपवून घेईल, पण इथं त्याच दांड्यावरनं सील दीड-दोनशे पीएसआय दाबाची हवा धरून सरकत असतंय. नवीन सील टाकलं, दोन दिवस टिकलं. परत टाकलं, चार दिवस. मग शॉक भंगारात. चूक त्याची कमी, माझी जास्त, कारण मी त्याला ते काम दिलं जे त्याचं नव्हतं.

तेव्हापासनं माझं म्हणणं एकच आहे, "मागचं सस्पेन्शन करणारा माणूस" असा एक माणूस शोधायचाच नाही. कारण ते एक काम नाहीच, एकमेकांच्या आत बसलेली चार कामं आहेत. सगळ्यात बाहेर फ्रेमचे सांधे, म्हणजे बेअरिंग आणि बोल्ट. त्याच्या आत शॉकच्या दोन टोकांचे डोळे, म्हणजे बुश आणि स्पेसर. त्याच्या आत एअर कॅन, म्हणजे हवेची डबी आणि तिची सीलं. आणि सगळ्यात आत डॅम्पर, म्हणजे शॉकची उसळी आवरणारा भाग, जिथं तेल, पिस्टन, बारीक पत्र्याच्या चकत्या आणि नायट्रोजन असतोय. जितकं आत जाल तितकी हत्यारं महाग आणि माणसं कमी. पहिल्या दोन कामांना कोल्हापूर जगात भारी आहे, तिसरं आपलं आपण जमतंय, चौथ्याला गावाबाहेर पाठवावं लागतंय. आता हे ठरवायचं कसं ते बघू.

आधी आपल्याकडं नक्की काय आहे ते बघा

दहा-पंधरा हजाराची "ड्युअल सस्पेन्शन" म्हणून विकलेली सायकल असेल तर बहुतेक वेळा मागं नुसती स्प्रिंग असतीय, हवा भरायचा व्हॉल्व्ह नाही, रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉक किती वेगानं परत येतो ते ठरवायची, खटकी नाही. तिला सर्व्हिस नसते. बुश घासला तर बदला, स्प्रिंग बसली तर त्याच मापाचा शॉक आणून लावा. माप म्हणजे एका डोळ्याच्या मध्यापासनं दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत किती मिलिमीटर, आणि दांडा किती आत जातो ते. एवढ्यासाठी कुणाला हजारो रुपये देऊ नका, हा लेख इथंच सोडला तरी चालंल.

फॉक्स, रॉकशॉक्स, सनटूर, एक्स-फ्यूजन वगैरेचा एअर शॉक असेल तर मॉडेल नक्की करा, अंदाजानं नको. फॉक्सच्या स्टिकरवर चार अक्षर-आकड्यांचा कोड असतो, रॉकशॉक्सवर सिरीयल नंबर कोरलेला असतो, तो कंपनीच्या साईटवर टाकला की कुठलं मॉडेल, कुठलं सील किट, कुठलं तेल सगळं येतंय. सर्व्हिस मॅन्युअल पण फुकट मिळतात, चित्रांसकट. फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, पुढं प्रत्येक माणूस पहिल्यांदा हाच नंबर मागणार आहे. जो मागणार नाही त्याच्यापासनं जरा लांबच बसा.

तास मोजा, महिने नको

रॉकशॉक्सच्या बऱ्याच मागच्या शॉकना एअर कॅनची सर्व्हिस 50 तासांनी आणि डॅम्परसकट पूर्ण सर्व्हिस 200 तासांनी सांगितलेली आहे. फॉक्स 125 तास किंवा वर्ष, जे आधी होईल ते म्हणतं. हे वाचून लोक घाबरतात किंवा हसतात. हिशोब करून बघा, रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा करून तीन तास, आठवड्यात दोन संध्याकाळी तास-तास, झाले पाच. म्हणजे दहा आठवड्यांत 50 तास झाले की! पंचवीस आठवड्यांत 125. पण हे झालं मातीतल्या चालवण्याचं, रंकाळ्याला चकरा मारल्या तर ते तास मी धरत नाही. उलट जून ते सप्टेंबर गगनबावडा, राधानगरीकडच्या लाल चिखलात घातलेला एक तास मी दोन धरतो. ही माझी मोजणी आहे, कंपनीची नाही.

दुखणं कुठल्या थरात आहे ते शोधा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, अर्धा तास लागतोय, पण हे न करता दुकानात गेलात तर "पूर्ण ओव्हरहॉल करावं लागंल" हे वाक्य ऐकून परत याल.

आवाज आणि झोल आधी. सायकल उभी धरा, एकजण सीट धरून वर-खाली अगदी अलगद उचलतो, चाक जमिनीवरनं सुटायच्या आत जी ढकढक लागते ती शोधायची. दुसऱ्यानं एकेका सांध्यावर बोट ठेवायचं, निम्मं बोट एका भागावर, निम्मं दुसऱ्यावर. जिथं झोल असेल तिथं बोटाला बारीकसा ठोका कळतोय, डोळ्याला दिसत नाही पण बोट फसत नाही. आधी शॉकचे दोन डोळे, मग रॉकर, म्हणजे शॉकला जोडलेली फ्रेमची हलती कडी, मग खालचा मोठा सांधा, शेवटी मागचा ॲक्सल. ॲक्सल ढिला असल्यामुळं "बेअरिंग गेलं" म्हणून रडणारे मी दोन तरी बघितलेत, त्यातला एक मी. सीटपोस्टचा कुरकुर आवाज पण लोक सस्पेन्शनवर ढकलतात, त्यामुळं एकदा उभं राहून पेडल मारून बघा, आवाज गेला तर शॉकचं नाव घेऊ नका.

मग चाक काढा, शॉकची हवा सोडा, शॉकचे दोन बोल्ट काढून शॉक बाजूला ठेवा आणि मागचा त्रिकोण, म्हणजे मागचं चाक धरणारा फ्रेमचा भाग, हातानं वर-खाली फिरवा. मऊ लोण्यासारखा फिरला पाहिजे. कुठं कचकच लागली, मध्येच अडकला किंवा सोडल्यावर जिथल्या तिथं थांबला तर बेअरिंगमध्ये माती गेलीय. ही बेअरिंग चाकाच्या बेअरिंगसारखी गरगर फिरत नाहीत, थोड्याशा अंशात मागंपुढं झुलतात, म्हणून तेच ते छर्रे त्याच जागी मार खातात आणि तिथं खड्डा पडतोय. वरनं सील चांगलं दिसलं म्हणून आत चांगलं असेल असं नाही.

हवा. इथं एक फसवणूक आहे ती आधी समजून घ्या. आज 180 भरली, उद्या पंप लावला तर 165 दाखवतोय, लोक म्हणतात लीक आहे. भावा, पंप लावला की त्याची नळी भरायला शॉकमधलीच हवा जातीय, म्हणून आकडा पडतोच. आणि पंप काढताना जो फिस्स आवाज येतो तो नळीतला, शॉकमधला नाही. खरं लीक बघायचं तर दांड्यावरची रबरी रिंग सरकवून डबीच्या सीलला टेकवा, सायकलवर अलगद बसा, उतरा, दांडा किती आत गेला ते मापा. दोन दिवस कुणी हात न लावता ठेवून तेच परत करा. जास्त आत गेला तर हवा जातीय. कुठनं जातीय ते साबणाच्या पाण्यानं कळतंय, आधी व्हॉल्व्हवर लावा. बऱ्याचदा नुसता व्हॉल्व्हचा कोर ढिला असतोय, दोन मिनिटांचं काम.

डॅम्पर. रिबाउंडची खटकी पूर्ण इकडं, पूर्ण तिकडं करून शॉक दाबून सोडा. फरकच पडत नसेल, लॉकआउट, म्हणजे शॉक कडक करायची खटकी, लावून पण सीट डुलत असेल, दाबताना चुळूक-चुळूक असा तोंडात पाणी खुळखुळवल्यासारखा आवाज येत असेल, तर तेलात हवा मिसळलीय. दांड्यावर पातळ चमक असणं ठीक आहे, ती असायलाच पाहिजे. थेंब जमत असतील तर नाही.

एक लक्षण वेगळं काढून सांगतो. हवा सोडली, किंवा भरलेली असली तरी, शॉक दबलेलाच राहतोय, स्वतःहून लांब होत नाही. याचा अर्थ मधलं सील गेलं आणि दाबाची हवा पलीकडच्या निगेटिव्ह, म्हणजे शॉकला उलट आत ओढणाऱ्या, कप्प्यात जाऊन कोंडलीय. हा शॉक कुणीही, परत सांगतो, कुणीही घरात उघडायचा नाही. डबीचे आटे संपले की ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटतीय आणि समोर तोंड आपलं असतंय. हा थेट सर्व्हिस सेंटरला, तोही आधी फोन करून, काय झालंय ते सांगून.

थर पहिला आणि दुसरा: इथं उद्यमनगर

बेअरिंगसाठी कंपनीचं किट मागवायला महिना लागतोय आणि इकडं शिवाजी उद्यमनगरात चालत गेलं तर बेअरिंगची दुकानं पडलीत. फौंड्री आणि ऑइल इंजिनांचं गाव आहे हे, मापाचं बेअरिंग मिळत नाही असं होत नाही. जुनं बेअरिंग काढून खिशात घाला, सीलच्या कडेवर नंबर असतोय. पुसला असेल तर व्हर्नियरनं तीन मापं घ्या, आतलं भोक, बाहेरचा व्यास, जाडी. 10, 22, 6 असेल तर 6900. 15, 28, 7 असेल तर 6902. 10, 19, 5 असेल तर 6800. पुढं 2आरएस म्हणायचं, म्हणजे दोन्हीकडून रबरी सील. नावाजलेल्या कंपनीचं घ्या, एका बेअरिंगचा खर्च दोघा-तिघांच्या मिसळीएवढाच, त्यात डुप्लिकेट आणून काय वाचवायचं.

पण एक बारकी गोष्ट काउंटरवर कुणी सांगणार नाही. फ्रेममधल्या ओरिजिनल बेअरिंगला बऱ्याचदा आत छर्रे धरणारी जाळी नसते, सगळी जागा छऱ्यांनीच भरलेली असते, नंबराच्या पुढं मॅक्स वगैरे काहीतरी लिहिलेलं असतं. उद्यमनगरात मिळतंय ते जाळीवालं, छर्रे कमी. बसतंय तंतोतंत, चालतंय पण, फक्त लवकर झिजतंय. मी खालच्या मोठ्या सांध्याला मॅक्सवालंच मागवतो, रॉकरला इथलं टाकतो. सील सुईनं अलगद उचलून आत वॉटरप्रूफ ग्रीस गच्च भरून परत दाबायचं, कारण फॅक्टरीतनं येतंय ते मोटरीत गरगर फिरायच्या हिशोबानं कमीच भरलेलं असतंय.

बसवायचं कुणी? स्वतः, नाहीतर सायकल दुकानातला असा पोरगा ज्याच्याकडं टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानंच बोल्ट आवळणारा पाना, आहे. हातोडा काढला की हात धरा. बेअरिंग ठोकायचं नसतं, खेचून बसवायचं असतं आणि दाब फक्त बाहेरच्या कड्यावर यायला पाहिजे. थ्रेडेड रॉड, दोन नट, वॉशर आणि मापाचं सॉकेट एवढ्यावर घरी होतंय. सॉकेट मापाचं नसेल तर मग लेथवाल्या मामांकडं जायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मामांनी बेअरिंग हातात घेतलं, कानाजवळ फिरवलं, म्हणाले, "ह्यो मेलाय. बाहेरचा व्यास बावीस, मी तुला साडेएकवीसचा दट्ट्या करून देतो, हातानं बसंल." वीस मिनिटांत ॲल्युमिनियमचा दट्ट्या तयार, कडा मारून. आज सहा वर्षं झाली, आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या सायकलींची बेअरिंगं त्याच दट्ट्यानं बसलीत.

मग म्हणून मामांना सगळंच सांगायचं का? नाही. शॉकच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना जे ॲल्युमिनियमचे स्पेसर असतात ते हरवले तर मामा देव आहेत, जुना दाखवा, तसाच मिळंल. पण डोळ्याच्या आतला पातळ बुश ते गनमेटलचा करून देतो म्हणतील, तो घेऊ नका. त्याला आतनं टेफ्लॉनचा थर असतोय, कोरडा चालायला बनवलेला आहे, गनमेटल त्या जागी आतली पिन खातंय. बुश कंपनीचाच मागवा. तसंच सीलचं, ओ-रिंगच्या दुकानात माप जुळतंय म्हणून हलणारं सील तिथलं टाकू नका, रबराचा कडकपणा आणि कडेचा आकार वेगळा असतोय.

बोल्ट घट्ट करताना फ्रेमवर किंवा बोल्टच्या डोक्यावर न्यूटन मीटरचा आकडा लिहिलेला असतो, तोच. नसेल तर कंपनीच्या साईटवरनं काढा. "हाताला कळतंय मला" म्हणणारा मिस्त्री कार्बन फ्रेमला हात लावायच्या लायकीचा नाही, मग तो वीस वर्षं का करत असेना. आट्यांवर निळं लॉकटाइट, म्हणजे बोल्ट आपोआप ढिला होऊ न देणारा गोंद, तेही कंपनीनं सांगितलं असेल तिथंच. लाल लावलं की पुढच्या वेळी बोल्ट तापवल्याशिवाय सहसा सुटत नाही.

थर तिसरा: एअर कॅन, स्वतः का दुकान?

मी सांगतो, स्वतः. पण तीन गोष्टी असतील तरच: नक्की त्या मॉडेलचं सील किट, शॉक पंप, आणि दोन तास कुणी हाक न मारणारी दुपार. तिसरी मिळणं अवघड आहे.

सुरू करायच्या आधी दाब आणि रिबाउंडच्या किती खटक्या आहेत ते लिहून ठेवा. हवा हळूहळू सोडा, सोडताना शॉक थोडा दाबा-सोडा, परत व्हॉल्व्ह दाबा, असं पाच-सहा वेळा, म्हणजे निगेटिव्ह कप्पा पण रिकामा होतोय. फिस्स थांबलं आणि शॉक पूर्ण लांब असेल तरच पुढं. काही शॉकची डबी हातानं फिरते, नाही फिरली तर स्ट्रॅप रेंच, म्हणजे पट्ट्याचा पाना. पक्कड नाही, पाइप रेंच नाही, व्हाइसमध्ये उघडं लोखंड नाही.

डबी सरकवली की आतलं बघाच एकदा. पावसाळ्यानंतर माझ्या शॉकमधनं जे निघालं ते तेल नव्हतंच, पांढऱ्या रश्श्याचा रंग असतो ना, तसलं काहीतरी करडं-दुधट, आणि बाहेरच्या धूळ-सीलच्या खोबणीत लाल मातीचा कडा बसलेला, दोऱ्यासारखा अखंड निघाला. हवेचा दाब तोपर्यंत एकदम बरोबर होता बरं का, लीक अजिबात नाही. म्हणून "हवा जात नाही म्हणजे ठीक आहे" यावर विश्वास ठेवू नका.

जुनी सीलं काढायला स्क्रू ड्रायव्हर घालू नका, प्लास्टिकची काडी किंवा जुनं एटीएम कार्ड कापून घ्या. ज्या क्रमानं निघतात त्या क्रमानं वर्तमानपत्रावर मांडा, फोटो काढा. खोबणी न तंतू सोडणाऱ्या कापडानं पुसा, नवीन सीलांना ग्रीस लावून बसवा, डबीत मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेल सांगितलेल्या मिलिलिटरनंच. गॅरेजमधलं कुठलंही इंजिन ऑइल नाही, चेनचं तर नाहीच. मेडिकलमधनं सुई न लावलेली इंजेक्शनची सिरिंज आणा, माप बरोबर येतंय. परत हवा भरताना 50-50 पीएसआयच्या टप्प्यानं भरा आणि प्रत्येक टप्प्याला शॉक दहा वेळा सावकाश दाबा, नाहीतर दोन्ही कप्प्यांत हवा सारखी जात नाही आणि मग "सर्व्हिस करून बिघडलं" वाटतंय.

हात थरथरत असतील किंवा किट मिळालं नसेल तर दुकानाला द्या, लाज कसली त्यात.

थर चौथा: डॅम्पर, आणि नायट्रोजनचा गैरसमज

इथं बहुतेक जण एक कल्पना काढतात. पेट्रोल पंपावर टायरमध्ये नायट्रोजन भरून मिळतोय की, तिथनं भरू. टायरला तीस-चाळीस पीएसआय लागतंय, शॉकच्या आत तरंगत्या पिस्टनच्या, म्हणजे तेल आणि नायट्रोजन वेगळं ठेवणाऱ्या पिस्टनच्या, मागं शेकडो पीएसआय. दुसरी कल्पना खास कोल्हापुरी, "माझ्या मामेभावाच्या शिरोलीच्या कारखान्यात सिलिंडर आहे." आहे ना, आणि त्यात दीडशे बारच्या आसपास दाब आहे, म्हणजे दोन हजार पीएसआयच्या वर. योग्य रेग्युलेटर आणि त्या शॉकची चार्जिंगची, म्हणजे नायट्रोजन भरायची, सुई नसताना तो जोडणं म्हणजे नाद नाही, खुळेपणा आहे.

नायट्रोजनच का, तर तो कोरडा असतो, ओल नसते, तेल खराब करत नाही आणि दाब देऊन तेलात फेस होऊ देत नाही. पण अवघड काम नायट्रोजन भरायचं नाहीच, तेलात हवेचा एकही बुडबुडा न ठेवता भरणं आणि तो तरंगता पिस्टन सांगितलेल्या खोलीवर ठेवणं हे अवघड आहे. मिलिमीटरचा खेळ आहे. पिस्टन चुकला तर शॉक पूर्ण दबायच्या आधीच आत अडकतोय किंवा सील फाडतोय. काही मॉडेल्सचा डॅम्पर साध्या हत्यारांत होतो असं मॅन्युअल सांगतं, पण तुम्ही तो वर्षातनं एकदा करणार आणि सर्व्हिस सेंटरचा माणूस आठवड्यातनं दहा वेळा. माझा तरी हात तिथं थांबतो.

माणसाला काय विचारायचं

दुकान कुठलंही असो, कोल्हापूरचं, पुण्याचं, बेंगलोरचं, फोनवर हे विचारा आणि उत्तर कसं येतंय ते ऐका. ह्या मॉडेलमध्ये तेल कुठलं घालणार? "चांगलं फोर्क ऑइल" म्हणाला तर फोन ठेवा, "नंबर पाठवा, बघून सांगतो" म्हणाला तर तो माणूस बरा. दांडा कशात धरणार? मऊ जबडे किंवा दांड्याच्या मापाचा क्लॅम्प हे उत्तर पाहिजे. तरंगत्या पिस्टनची खोली मोजता का, चार्ज कशानं करता? डॅम्परसाठी हा एकच प्रश्न पुरेसा आहे, न करणारा माणूस लगेच विषय बदलतो. जुनी सीलं परत देणार का? हे मी नेहमी विचारतो, ती सीलं मला नको असतात, पण परत द्यायची म्हटलं की बदलली जातात.

आणि शेवटचा, तुम्ही स्वतः करता का पुढं पाठवता? पुढं पाठवणं वाईट नाही, आमच्याकडची दोन-तीन दुकानं पाठवतात आणि सरळ सांगतात. न सांगता पाठवणारा नको, कारण काही हरवलं की मग कुणाचंच नाही.

वॉरंटीत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून जिथनं घेतली तिथंच आधी विचारा, उघडायच्या आधी, लेखी. व्हॉट्सॲपवर चालतंय.

पैशाचा माझा ठोकताळा: सर्व्हिस, किट आणि जायचं-यायचं कुरिअर मिळून नव्या शॉकच्या निम्म्याच्या वर जात असेल तर करत नाही. दांड्याला ओरखडा असेल तर आधी नव्या दांड्याचा भाव काढतो, कारण त्याच्याशिवाय बाकी सगळी सर्व्हिस वाया.

पाठवायचं कसं

बरेच जण पूर्ण सायकल टेम्पोत घालून पुण्याला नेतात. काय गरज नाही, दोन बोल्ट काढले की शॉक हातात येतो, टिफिनच्या डब्यात मावंल एवढा. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला होता ते दिसंल असा एक. हवा सोडा, फक्त वर सांगितलेला दबलेला शॉक सोडून, त्याच्याबद्दल ते सांगतील तसं. कॉइल शॉक, म्हणजे हवेऐवजी स्प्रिंगवाला, असेल तर स्प्रिंग काढून घरी ठेवा, वजन कशाला पाठवायचं. डोळ्यातले स्पेसर काढून पिशवीत घालून घरीच ठेवा, झोल तिथंच असेल तरच पाठवा. आत एक चिठ्ठी: तुमचं वजन, किती पीएसआय चालवता, किती तास झाले, आणि तक्रार साध्या भाषेत. "सर्व्हिस करा" एवढंच लिहू नका. "लॉकआउट धरत नाही, दाबताना खुळखुळतंय, पावसाळ्यात चाळीस तास चालवली" असं लिहिलं की त्या माणसाला कुठं बघायचं ते कळतंय.

खासगी बसच्या पार्सलपेक्षा मी पावती आणि ट्रॅकिंगवालं कुरिअर घेतो. वेळ म्हणाल तर जूनमध्ये पाठवा. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांना एकदम जाग येते आणि मग पंधरा दिवसांचा महिना होतो. हा, जूनमध्ये केलं तर पावसाळ्यात चालवून परत एअर कॅन करावं लागंल, ते खरं आहे, पण ते आपलं आपण करायचंच आहे.

शॉक नसताना सायकल चालवू नका, लाकडाचा ठोकळा घालून तर नाहीच, फ्रेमवर नको तिथं जोर येतोय. रॉकर हलून रंग खरवडतोय म्हणून जुन्या ट्यूबनं बांधून भिंतीला टांगून ठेवा.

परत आल्यावर

उघडल्या उघडल्या हातात धरून दांडा बघा, नवा ओरखडा नाही ना. मग लावा, बोल्ट टॉर्कनं, हवा टप्प्याटप्प्यानं. सॅग, म्हणजे आपण बसल्यावर वजनानं शॉक जेवढा दबतो तेवढं माप, परत सेट करायचा, आधीचा आकडा आता लागू होईलच असं नाही. पाण्याची पिशवी, हेल्मेट, बूट सगळं घालून बसा, उभे राहा, परत अलगद बसा, रिंग कुठं आली बघा. दांड्याची चाल 55 मिलिमीटर असेल तर 30 टक्के म्हणजे साडेसोळा, 65 असेल तर साडेएकोणीस. 25 ते 30 टक्क्यांच्या मधी कुठंतरी तुमचं सुख आहे.

धुताना वॉशिंग सेंटरच्या त्या जेट पाइपखाली सायकल धरू नका, तो जोर थेट सीलाच्या आत माती ढकलतोय. बादली, मग आणि जुना ब्रश पुरे.

आणि एक, प्रत्येक बोल्ट घट्ट झाल्यावर मी बोल्टवरनं फ्रेमवर जाईल अशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारतो. बहिणीची लाल बाटली त्यातच संपली, तिला अजून माहीत नाही. पहिली राईड पन्हाळ्यापर्यंतच करायची, वर पोचलं की चहा सांगायचा आणि तो येईपर्यंत खाली वाकून सगळ्या रेघा बघायच्या. मागच्या वेळी रॉकरच्या डाव्या बोल्टची रेघ केसभर सरकलेली होती.